पेटीत सगळ्यात वर

आप्पा, सगळ्यात आधी आली ती पलीकडची तेलुगू आक्का. पाहुण्यांचा टांगा अजून गल्लीच्या तोंडाला होता, आणि ही माझ्या चुलीपाशी पाट ओढून बसलीसुद्धा. म्हणाली, सात रस्त्यावर भाजी घेत होते, टांगेवाला तुझं घर विचारत होता, मीच सांगितलं, आणि मग म्हटलं टांगा वळसा घालून जाईल, मी बोळातून आधी पोचते. तिच्या घरात चार माग खडखडत असतात, तरी हिला माझ्या घरातलं भांडं वाजलेलं ऐकू येतं. पण खरं सांगू का आप्पा, ती आली ते बरं झालं. माझ्याकडं कुणी येतं ते तिला कळलं की मलाही बरं वाटतं. कुणी आलंच नाही तर तिला तरी काय कळणार.

टांग्यातून एक उंच माणूस उतरला, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि मागून त्याची बायको, हिरव्या लुगड्यातली, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी ओळखलंच नाही. त्यांनीच सांगितलं की माझा नातू ज्या जहाजावर आहे तिथले ते सारंग. सारंग म्हणजे आपल्या गिरणीत मुकादम असतो ना, तसा जहाजातला. राहणार रत्नागिरीकडचे, खाडीच्या काठचे. नातू त्यांना चाचा म्हणतो. दोघं नवराबायको गुलबर्ग्याला दर्ग्याला निघाले होते, गाडी सोलापुरावरूनच जाते, म्हणून एक दुपार उतरले. मी म्हटलं माझ्याकडं सगळं शाकाहारीच मिळेल, तर त्यांची बायको म्हणाली, जहाजावरचं खाऊन हे कंटाळलेत, भाकरी घाला.

तुम्ही नातवाला पाहिलंच नाही, आप्पा. माझ्या लेकीचा लेक. लेक गेली तेव्हा हा रांगत होता, तेव्हापासून माझ्याच पदराला. ह्याचे आजोबाही त्यानंतर फार राहिले नाहीत. मग मी आणि तो. तो आयटीआयला फिटर झाला, आणि एक दिवस मुंबईला गेला तो बोटीच्या इंजिनखान्यातच. हे जे मी लिहिते आहे ना, हे त्यानंच शिकवलं. तुम्ही मला दुसरीत काढलं होतं शाळेतून, तेवढ्यावर मी नाव गिरवायची फक्त. त्याची पत्रं दुसऱ्यानं वाचून दाखवली की मजा येत नाही, म्हणून त्याला म्हटलं मला शिकव. जोडाक्षरं अजून नीट जमत नाहीत, पण तुम्हाला काय, तुम्हाला तर साधीही येत नव्हती.

कुठं होते मी. हां, सारंग. चहा झाला, भाकरी झाली, शेंगाचटणी त्यांनी दोनदा मागून घेतली, आणि मग हात धुऊन त्यांनी मुद्दा काढला. कंपनीचं नवं जहाज जपानात बांधायला घेतलं आहे. नेहमीचं नाही, पेट्यांचं. लोखंडाच्या मोठमोठ्या पेट्या, एकेक आपल्या ह्या खोलीपेक्षा मोठी, माल त्यात भरून कुलूप घालून आणायचा, आणि जहाजावर नुसत्या पेट्या रचायच्या. बांधणं चालू असतानाच थोडी माणसं तिकडं पाठवतात, इंजिन बसताना बघायला. सारंग जाणार आहेत. माझ्या नातवाचं नाव त्यांनी सुचवलं आहे. पण पोरगा कोलंब्याला जहाजावर अडकलेला, आणि हापिसात नाव शुक्रवारी द्यायचं. तर पोरानं ह्यांना काय सांगितलं असेल.

"आई, तो म्हणाला, आजीला विचारून या. आजी हो म्हणाली तर माझं नाव द्या, नको म्हणाली तर मी जुन्यावरच बरा."

मी इतकी हरखले आप्पा की मला पुढचं ऐकूच आलं नाही. पोरगा सातासमुद्रापलीकडं आहे आणि विचारतो कुणाला, तर मला. ह्या गल्लीत बायकांना विचारून कुणी खाटसुद्धा हलवत नाही. आक्काकडं बघितलं, ऐकलंस का म्हणून. तिनं ऐकलं होतं.

मग मी जहाज कसं बांधतात ते विचारत बसले. सारंग एकदा आधी तिकडं राहून आले आहेत, त्यामुळं डोळ्यांनी बघितलेलं सांगत होते. मला वाटायचं नदीकाठी सुतार होडी करतात तसं तळापासून वर चढवत नेत असतील. तसं नाही म्हणे. तुकडे करतात. एक तुकडा इथं, एक तिथं, प्रत्येक तुकडा दोनमजली घराएवढा, कधी उलटा ठेवूनसुद्धा, म्हणजे माणसाला डोक्यावर हात करून नाही, खाली बघत जोडकाम करता येतं. मग मोठी क्रेन तो उचलून आणते आणि एका मोठ्या कोरड्या हौदात एकाला एक लावून लोखंड वितळवून सांधतात. मी म्हटलं ही गोधडीच झाली की. तर ते हसले, म्हणाले, आई, गोधडीच, पण टाका एकही सुटलेला चालत नाही, एकेक सांधा तपासतात. आणि सगळं झालं की हौदात पाणी सोडतात. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. पाणी चढत जातं आणि एवढं लोखंड आपोआप तळ सोडतं. ते बघायला कामावरची सगळी माणसं गप्प उभी राहतात, असं ते म्हणाले. मला ते लई आवडलं, की गप्प उभी राहतात.

इंजिनाचं ते सांगत होते तेव्हा त्यांची बायको माझ्याकडं बघून हसत होती, तिनं शंभरदा ऐकलेलं असणार. माणूस उभा मावेल असलं एकेक नळकांडं. जिने चढून इंजिनाच्या डोक्यावर जायचं. माझा नातू म्हणे इंजिनाचं चित्र खडूनं खोलीच्या जमिनीवर काढतो आणि पुसायला गेलं की भांडतो. जेवताना प्रश्न, काम करताना प्रश्न. सारंग म्हणाले, बांधताना ज्यानं जहाज बघितलं त्याला पुढं त्याचं दुखणं हात लावल्याबरोबर कळतं, आणि ह्या पोराचा हात तसा आहे. जुनं जहाज आज ना उद्या भंगारात जायचं आहे.

आक्का म्हणाली, "एवढं मोठं जहाज, आत हरवला म्हणजे?" मी म्हटलं, हरवला तर तुला पाठवीन शोधायला, तू बोळातून आधी पोचशील.

आता माझा हिशेब ऐका. नातू जुन्या जहाजावर आहे ना, त्याचं मला सगळं पाठ आहे. पोती, पिंपं, गाठी, सुटा माल. दुष्काळात रेशनला ती परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, यायची, तीसुद्धा असल्याच जहाजातनं यायची. मुंबईला जहाज लागायलाच जागा मिळत नाही, बाहेर समुद्रात वाट बघत थांबतं. मग लागलं तरी जाळ्यात घालून पोती उचलायची, पाऊस आला की झाकण लावून बसायचं. तेवढ्या दिवसांत त्याची सुट्टीची पाळी आली की तो रातच्या गाडीनं निघून सकाळी दारात उभा. आठ दिवस राहतो. कधी जास्त. म्हणून आप्पा, गोदीत संप झाला असं आक्काचा नवरा पेपरात वाचून दाखवायचा तेव्हा सगळी गल्ली हळहळायची आणि मी डाळ भिजत घालायची. लोकांचं नुकसान मला कळत नाही असं नाही. पण माझ्या घरात दिवाळी, संक्रांत पंचांगावर कधी आलीच नाही. गोदी तुंबली की आमचा सण.

तर मी मनात म्हटलं, लहान जहाज रिकामं व्हायला एवढे दिवस लागतात, तर हे स्टेशनच्या फलाटापेक्षा लांब. ह्याला किती लागतील. तुमची एक बैलगाडी उतरवायला सकाळ जायची, मी बघितलेलं आहे. दोन महिने तरी कुठं गेले नाहीत, पोरगा चांगला दोन महिने घरी राहील. मी उठले, डबा काढला आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आक्कानं लगेच खाल्ली. सारंगांनी हातातच धरली.

"आई, साखर कशाबद्दल?"

मी सांगितलं. मोठं जहाज, जास्त माल, जास्त दिवस धक्क्याला. दिवाळी आता हितंच की त्याची.

त्यांनी बायकोकडं बघितलं. मग माझ्याकडं काड्यापेट्या मागितल्या. माझ्याकडं दोनच, म्हणून आक्का घरून ओंजळभर घेऊन आली, आणि आधीच बजावलं की परत मोजून नेणार. सारंगांनी फरशीवर त्या रचल्या. जहाजाच्या पोटात उभे लोखंडी खांब असतात, पेटी वरून सोडली की त्या खांबांच्या मधनं सरळ खाली जाऊन बसते, माणसानं हात लावायला नको. एकीवर एक. जड खाली, हलकी वर. भरल्या की वर झाकण, झाकणावर आणखी पेट्या, त्या मात्र सळ्यांनी आवळून बांधायच्या, नाहीतर वादळात जातात. आणि कोणती पेटी कोणत्या बंदरात उतरायची ते आधी ठरवून मगच चढवायची. शेवटी उतरायची ती तळाला, पहिली उतरायची ती वर. मोठी क्रेन धक्क्यावर उभीच असते. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, मागावरचा धोटा सुतातनं जातो-येतो तसं.

आणि त्यांनी ते सांगायला सुरुवात केली तेव्हा, आप्पा, मी तिथं नव्हतेच. मी गिरणीच्या दारात आहे. बैल सोडलेले आहेत, तुम्ही गाडी भरायला घेतली आहे, वाटेत दोन दुकानांत टाकायचं सामान आणि बाकी गाठी रेल्वेच्या वाघिणीला. मी गाडीच्या मागं चढले आहे आणि मदत म्हणून हलकं पुडकं आधी तळाला सरकवते आहे, कारण ते मला उचलवतं. तुम्ही चाबकाचा दांडा चाकावर आपटता. मारत नाही, तुम्ही कधी मारलं नाही. "आधी काय उतरायचंय ते इचार यव्वा, मग हात लाव. तळाशी गेलेलं मागाहून कुणी काढत न्हाय." यव्वा म्हणायचा तुम्ही मला, कानडीतलं. तुमच्यामागं तसं मला कुणी म्हटलेलं नाही. सगळी आजी म्हणतात, आई म्हणतात, म्हातारी म्हणतात.

सारंगांनी शेवटची काड्यापेटी उचलली आणि म्हणाले, "आई, ते जहाज थांबत नाय. सकाळी लागतं, दुसऱ्या सकाळी सुटतं. कधी त्याच रात्री. आणि मुंबईला तर येतच नाय, असल्या जहाजाची सोय अजून तिथं नाही."

मी विचारलं, मग पोरगा उतरतो कधी.

"करार संपला म्हणजे. वर्षानं. कधी वर थोडे महिने जातात."

  जीभ साखरेनं अजून गोड होती माझी. सारंग मग उगाचच तेलाचं सांगत बसले, की तेल महागल्यापासून जहाजं मुद्दाम सावकाश चालवतात, जोरात पळवली तर तेल लई जळतं. मी म्हटलं, आम्ही पण घासलेटाच्या रांगेत उभ्या राहतो आणि वात बारीक करतो. पोचायला उशीर चालतो, थांबायला नाही, असं कसलं हे जहाज. ते म्हणाले, जहाज थांबलं की कंपनीला खर्च, आई.

मी कपबशा उचलायला आत गेले तर त्यांची बायको मागोमाग आली. आतापर्यंत ती फारशी बोललीच नव्हती. बशी पुसता पुसता म्हणाली, "मी ह्यांना कधी जा म्हटलं नाही आणि कधी नको म्हटलं नाही. नुसती गप्प राहिले. आता वाटतं, जा म्हटलं असतं तर ते तिथं जरा मोकळे तरी राहिले असते." मग विचारलं, चटणीत लसूण आधी घालता का मागनं. मी सांगितलं आधी.  पण आप्पा, एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात माझ्या मनातलं कुणी बोललं असेल तर ती बाई.

जाताना सारंग म्हणाले, उत्तर आज नको. आम्ही गुलबर्ग्याहून परत येताना उतरतो, तेव्हा सांगा. पोराला काही द्यायचं असेल तर बांधून ठेवा. तुमचा होकार असला तर ते मी बरोबर जपानला नेतो. नको असलं तर मुंबईला हापिसात ठेवतो, जुनं जहाज मुंबईला आलं की तोच घेऊन घरी येईल. आक्का काड्यापेट्या मोजून घेऊन गेली. एक कमी निघाली म्हणून परत आली. ती सारंगांनी जहाजाच्या तळाला ठेवलेली, जोत्याच्या फटीत गेली होती.

ते गेल्यावर घर कसं झालं ते तुम्हाला काय सांगू. माणसं येण्याआधी एकटं असणं निराळं आणि ती उठून गेल्यावर निराळं. पाट तसेच पडलेले. मी ते उचललेच नाहीत त्या दिवशी. आक्काचे माग चालू होते पलीकडं, तेवढाच आवाज.

आज सकाळी मी पेटी काढली. तुमचीच, लग्नात दिलेली, निळी, झाकणावर कमळ. हातात धरून नेता येते एवढीशी. रंग उडाला पण कडी अजून घट्ट आहे. आठवतं का, तुम्ही ती स्वतः भरली होती. चुलत्या सगळ्या हसत होत्या, की पोरीची पेटी बाप भरतो का कुठं. तुम्ही वळसंग गावाला माल पोचवून आला होता, अंगावर गाठींचा कापूस तसाच चिकटलेला. थंडीचं लुगडं तळाला, सणाचं मध्ये, रोजचं वर. आणि सगळ्यात वर धोतराच्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "सासरी पयल्या दिशी भूक लागली तर मागता येत न्हाय. वर ठिवलंय." आणि खरंच मागता आलं नाही. मी न्हाणीत बसून खाल्ली ती भाकरी, मोडताना आवाज होऊ नये म्हणून पाण्यात भिजवून. त्या घरात पहिला घास तुमच्या हातचा गेला पोटात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही भेटायला यायचा तेव्हा सगळ्यांच्या देखत बोलणं व्हायचं, आणि मग तुम्ही गेलातच.

तर पेटी भरायला घेतली. मनाशी काही ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. नको म्हणायचं असंच कालपर्यंत येत होतं मनात. त्याला कळणारही नाही मी का नको म्हटलं, तो आपला जुन्यावर राहील, गोदी तुंबेल, तो दारात येईल. मी एकेक वस्तू ठेवत गेले. चादर तळाला, आक्काच्या मागावरची, नवी, तिनं घरच्या भावानं दिली आणि वर ऐकवलं की माझ्या भावाला पण ह्या भावात देत नाही. तिच्यावर लोकरीचा गळपट्टा. मग तिळाची पोळी, ती टिकते. मग चटणीचा डबा, फडकं बांधून. आणि मग माझा हात थांबला. तुमचा चाबकाचा दांडा वाजला म्हणा ना. आधी काय उतरायचंय ते इचार. चादर तळाशी घातली मी, म्हणजे ती शेवटी लागायची. थंडी पडल्यावर. मुंबईला कसली थंडी, आणि तो घरी येणार असेल तर त्याची चादर इथं खुंटीवर आहेच की. ही पेटी मी घरी यायच्या पोरासाठी भरलेलीच नव्हती. लांब जायच्या माणसाची पेटी होती ती, तळापासून.

 काढायची म्हटली असती तर निघाली असती चादर. पण तळाशी गेलेलं मागाहून कोण काढतं.

आता वर जेवढी जागा आहे ती मोकळी ठेवली आहे. भाकरी बुधवारी करीन, पातळ थापून, कडकडीत वाळवून, म्हणजे तिकडं पोचेपर्यंत राहील. पहिल्या दिवशी परक्या मुलखात कुणाला मागायची. सारंगांना सांगणार आहे की गप्प बसून नाही, तोंडानं जा म्हटलंय आजीनं, असंच त्याला सांगा. आणि जहाज पाण्यावर तरंगायला लागेल तेव्हा काय झालं ते त्यानं मला लिहायचं, सोप्या अक्षरात.

गिरणीचा भोंगा झाला, आक्का येईल आता डोकवायला. हा कागद तिच्या नजरेला पडला तर विचारेल कुणाला लिहितेस, आणि मेलेल्या बापाला म्हटलं तर सगळ्या गल्लीला कळेल. पेटीतही घालणार नाही, पोराला कशाला. चुलीवरच्या फळीवर डब्याखाली राहू दे. तुम्हाला वाचता थोडंच येत होतं.

एकच राहिलं. काड्यापेट्यांचं ते मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं आप्पा, अर्ध्यातच कळलं होतं, मी तुमच्या गाडीवर वाढलेली. तरी मी सारंगांना म्हटलं, पुन्हा सांगा, मला नाही समजलं. त्यांनी पुन्हा रचल्या. मग मी म्हटलं, झाकणावरच्या पेट्यांचं परत एकदा. आक्का वैतागली, म्हणाली, म्हातारीच्या डोक्यात शिरत नाही. शिरलं होतं. टांगेवाला बाहेर घंटा वाजवत होता, आणि काड्यापेट्या फरशीवर होत्या तोवर ते उठणार नव्हते.

गुरुवारी येतो म्हणाले आहेत, दुपारच्या गाडीनं.